धातुनाथाचं लाल फडकं

मुरुमच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्या नुसत्या माश्या हाकत बसल्या होत्या. गिऱ्हाईक सगळं बसवण्णाच्या देवळापुढच्या कट्ट्याभोवती लोटलं होतं. कट्ट्यावर धातुनाथ महाराज मांडी घालून बसले होते. गाल तुकतुकीत, पोट मांडीवर टेकलेलं, गळ्यात तांबं, पितळ, शिसं, जस्त असल्या सात धातूंच्या मण्यांची माळ. त्यांच्यासमोर धुरपदाबाईची सून पोट सावरत उभी होती. सहावा महिना, आणि ओठ मात्र पांढरेफटक.

"थुक, पोरी," महाराज म्हणाले.

चेल्यानं हातभर पिवळं फडकं पुढं धरलं. पोर लाजत थुंकली. फडकं ओलं झालं, पण पिवळंच राहिलं.

"बगा! थेंबभर रगत न्हाय हिच्यात!" महाराजांनी आवाज चढवला. "कुठनं असंल? चार वरसं लढाई चाललीया. गोऱ्यानं तोफा वतायला मुलखातलं समदं लोखंड न्हेलं. जमिनीतलं गेलं, मग जवारीतलं गेलं, मग तुमच्या रगतातलं गेलं! ते माघारी आणायचं कुणी? म्या! हंपीच्या डोंगरात बारा वरसं नुसते धातू खाऊन काढल्यात म्या."

मग त्यांनी बटव्यातून चिमूटभर पांढरं पीठ काढलं. याला ते 'धातुपिष्ट' म्हणायचे. पोरीनं ते चघळलं आणि पुन्हा थुंकली. फडक्यावर भाकरीएवढा लालभडक डाग उमटला.

"रगत आलं गं बाई!" धुरपदाबाई ओरडली. माणसं कट्ट्यावर डोकी टेकू लागली.

गर्दीच्या पुढच्या ओळीत रुद्रम्मा नीलगार उभी होती. नवरा गेल्यापासून लुगडी निळीत बुडवायचे हौद तीच चालवत होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. ती ओरडली नाही. पदराखाली तिनं एक पितळी तांब्या घट्ट धरला होता.

आठ दिवसांपूर्वी तिनं आपल्या एकुलत्या एका लेकीला माती दिली होती.

इरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. दवाखान्यातल्या डॉक्टर शरणप्पांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "रक्त फार कमी आहे. लोहाच्या गोळ्या लढाईमुळं मिळत नाहीत, पण घाबरू नका. अळिवाची खीर द्या, तीळगूळ द्या, राजगिरा द्या, पालेभाजी रोज द्या आणि वर लिंबू पिळा. कोकणातल्या बाया नाचणी खातात, आपल्याकडं अळीव आणि तीळ. प्रत्येक मुलखानं आपल्या गरोदर बायांसाठी काही ना काही वेगळं राखून ठेवलेलं असतं, ते उगीच नाही."

त्याच आठवड्यात धातुनाथ गावात आला. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं अन्न 'निर्धातू' झालंय, ते पोटात गेलं तर पिष्ट लागू पडणार नाही, असं त्यानं बजावलं. घरातले अळीव, तीळ, गूळ त्याच्या चरणी वाहायचे आणि पोरीनं तिन्ही वेळा पिष्टाची पेज प्यायची. रुद्रम्मानं तसंच केलं. दर बाजारी ती इरम्माला कट्ट्यावर न्यायची आणि दर बाजारी फडक्यावरचा डाग आधीपेक्षा गडद उमटायचा.

"अव्वा, मला भाकरी दे की गं," पोर म्हणायची.

"थोडं दिस कळ काढ. बघ की, किती लाल झालंय!" रुद्रम्मा म्हणायची.

फडकं लाल होत गेलं आणि पोर पांढरी होत गेली. आठव्या महिन्यात, हौदाकडं येताना इरम्मा उंबऱ्यातच कोसळली. बाळ पोटातच राहिलं. धातुनाथ म्हणाला, "हिनं चोरून भाकरी खाल्ली असंल."

या एका वाक्यानं रुद्रम्माचं रडणं थांबलं.

तिसऱ्या दिवशी तिनं भिंतीतल्या देवळीत जपून ठेवलेलं, महाराजांनी प्रसाद म्हणून दिलेलं लेकीचं लाल फडकं काढलं. ते ती उलगडून बघायला गेली. फडकं निसटलं आणि खालच्या चिंचेच्या पाण्यात पडलं. भांडी घासायला कालवलेलं पाणी होतं ते. रुद्रम्मा बघत राहिली. लाल डाग विरत विरत पिवळा झाला.

रक्त चिंचेनं पिवळं होत नाही. हळद होते. हळदीला खार लागला की ती लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. रंगाऱ्याच्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं हे. वीस वर्षं रंगात हात घातलेल्या रुद्रम्माला ते कट्ट्यासमोर उभं राहून दिसलं नव्हतं, कारण तिला रक्तच बघायचं होतं.

उरलेलं पिष्ट तिनं पाण्यात ढवळलं. तळाला पांढरी माती बसली. वरचं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं. पापडखार! तेच घेऊन ती डॉक्टरांकडं गेली. त्यांनी त्यावर लिंबू पिळलं, तसा फेस उसळला.

"मातीनं पोट भरलं, रुद्रम्मा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "अन्न बंद झालं. जे थोडं खाल्लं असेल त्यातलं लोहसुद्धा या मातीनं अंगी लागू दिलं नाही. मी उमरग्याच्या पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांना निरोप पाठवतो."

"पाठवा. पर त्याच्या आदी बाजाराचा दिस माजा."

आणि आज तो दिवस होता.

महाराज धुरपदाबाईच्या सुनेला पिष्टाची पुडी देणार, तोच रुद्रम्मा कट्ट्यावर चढली.

"महाराज, एक इचारू? तुमच्यात तर सात धातूंचं रगत असंल."

"असंल म्हंजी? हायच!"

"मग थुका की. पिष्ट न खाता थुका. लोकास्नी दर्शन हू द्या."

महाराजांचा चेहरा बदलला. "साधूची थुंकी अशी वाया घालवत न्हाईत, बाई."

"थुका की, महाराज!" खालून धुरपदाबाईच भाबडेपणानं म्हणाली. "आमी त्ये फडकं देवघरात ठिवू!" मग सगळ्या बायांनी तेच लावून धरलं. महाराजांना पळता येईना. ते थुंकले.

फडकं पिवळं.

रुद्रम्मानं पानवाल्याकडून बोटभर चुना घेतला, मसालेवालीचा वरवंटा उचलला, त्यावर चुना फासला आणि पाणी शिंपडून तेच फडकं त्यावर घासलं. फडकं लालभडक झालं.

"बगा गं बायांनो! म्हाराजापरीस ह्या वरवंट्यात जास्त रगत हाय!"

कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळा बाजार हसला. रुद्रम्मा हसली नाही. तिनं तांब्यातलं चिंचेचं पाणी फडक्यावर ओतलं. लाल डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

"हळदीचं फडकं हाय ह्ये. पिष्टात पापडखार हाय. तोंडात खार, फडक्याला हळद, म्हून लाल. दर बाजारी खार वाढवायचा, म्हून डाग गडद. पीठ म्हंजी पांढरी माती. ह्येच म्या माज्या पोरीला दोन म्हैने पाजलं."

चेला कट्ट्यामागून सटकू बघत होता. गवळ्यांनी त्याला धरला. बायांनी धर्मशाळेतली महाराजांची खोली उघडली. आत एका भिंतीला पांढऱ्या मातीची पोती होती. दुसऱ्या भिंतीला बायांनीच वाहिलेले अळीव, तीळ, गूळ, राजगिरा सोलापूरला विकायला धाडण्यासाठी बांधून ठेवले होते. चुलीवर महाराजांची खीर शिजत होती. अळिवाची, तूप घातलेली.

धुरपदाबाईनं पायातली वहाण काढली. रुद्रम्मानं तिचा हात धरला.

"मारू नगा. मार उतरतो. अमीन उद्या दुपारी येनार. तवर ह्यानं ह्याचंच पिष्ट खायाचं. तिन्ही येळा. दुसरं कायबी न्हाय."

तसंच झालं. महाराजांना धर्मशाळेच्या ओसरीवर बसवलं आणि रुद्रम्मा त्यांच्यासमोर पेजेचा वाडगा घेऊन बसली. पहिला वाडगा त्यांनी ऐट दाखवत प्यायला. दुसऱ्याला ओकारी आली. सकाळी तिसरा वाडगा पुढं येताच सात धातूंचा माणूस पोट धरून रडायला लागला.

"आक्का, पाया पडतो. कोरभर भाकरी द्या."

हीच भीक तिनं इरम्माच्या तोंडून ऐकली होती. तिनं वाडगा आणखी पुढं सरकवला.

"बास, रुद्रम्मा," मागून डॉक्टर म्हणाले. "पोटात गोळा धरेल त्याच्या."

"माज्या पोरीच्या पोटात काय धरलं हुतं, डाक्टर?"

डॉक्टर तिथून हलले नाहीत. शेवटी रुद्रम्मानं वाडगा बाजूला ठेवला आणि एक भाकरी आणवली. भाकरी हातातच धरून ती म्हणाली, "आदी सांग. समद्या बायांफुडं. पिष्टात काय काय हाय?"

"माती... पापडखार... मूठभर जवारीचं पीठ."

"मोठ्यानं. आनि इरम्मानं चोरून भाकरी खाल्ली हुती का?"

"न्हाय. म्या खोटं बोललो."

ते तिनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग भाकरी त्याच्यापुढं टाकली आणि उठली. दुपारी अमीनसाहेबांनी गुरू-चेल्याला हातकड्या घातल्या तेव्हा ती बघायलाही थांबली नाही. सूड पुरा झाला होता आणि घरात तरीही तिला हाक मारणारं कुणी नव्हतं.

पुढच्या बाजारी ती स्वतःच कट्ट्यावर जाऊन बसली. पुढं हळदीचं फडकं, पापडखार, चिंच. येईल त्या बाईला ती ते लाल करून दाखवायची, पिवळं करून दाखवायची, मग तिच्याच हातून करवून घ्यायची. डॉक्टर शेजारी उभे राहून तीळ, अळीव, पालेभाजी सांगायचे.

एकदा एका म्हातारीनं विचारलं, "रुद्रम्मा, मग आता इस्वास तरी कुणावर ठिवायचा? ह्या डाक्टरवर?"

"ह्येच्यावर बी आंधळा न्हाय," रुद्रम्मा म्हणाली. "साधू आसू द्या, डाक्टर आसू द्या, कुनी बी आसू द्या. पोरीच्या तोंडात काय घालायच्या आदी इचारा, ह्यात काय हाय? आनि मग पोरीच्या तोंडाकडं बगा, फडक्याकडं न्हाय. जो इचारू देत न्हाय, त्येच्या हातचं घिऊ नगा. म्या इचारलं न्हाय. तुमी इचारा."