पंखा फिरतो

५.१० सत्कार.

"सर, मुलतानी नंतर. आधी पंखा!" मास्तरांच्या खांद्यावर शाल घालता घालता संयोजक श्रीनिधी कानात म्हणाला.

"आधी नाही. नंतरही नाही."

अडतीस वर्षं दत्तात्रेयमास्तरांनी दुसऱ्यांच्या गाण्यामागे पेटी धरली होती. आज सप्तापूरच्या या हॉलमध्ये वीस मिनिटं पेटी त्यांची एकट्याची होती. पहिल्यांदाच.

ते गाणं (संपूर्ण).

पंखा फिरतो. फिरतो. फिरतो. लाइट गेली.

बस्स. सूर तीन. कुकरच्या शिट्टीला याहून जास्त चाल असते. एकोणनव्वद साली बालगीतांच्या कॅसेटची बी बाजू दोन मिनिटं रिकामी राहिली. गायिका घरी गेलेली. मास्तरांनी छोट्या कॅसिओवर टिक-टिक लावली आणि डबा घेऊन आलेल्या बायकोला माइकसमोर उभं केलं.

"गळा नाही तुला, पण रिकाम्या टेपेपेक्षा बरं."

अंबूताई शाळेत हजेरी घ्यायच्या तशाच म्हणाल्या. कॅसेटवरची बाकीची अकरा गाणी मेली. हे मेलं नाही. रिक्षात, मुंजीत, आता नातवंडांच्या मोबाइलवर. मूर्खांना तीन सूर पुरतात, असं मास्तर छत्तीस वर्षं सांगत आले.

५.२५ राग मुलतानी.

सातव्या मिनिटाला मागून कुणीतरी कानडीत ओरडलं, "पंखा हाडरी, सर! पंखा म्हणा!"

हॉल हसला. मग टाळ्यांचा ठेका. पहिल्या रांगेतली वेदश्री, त्यांचीच शिष्या, तीही ठेका धरत होती.

मास्तरांचा भाता थांबला. गाढवं. घ्या.

पंखा फिरतो. फिरतो. दुसऱ्या 'फिरतो'वर बोटानं आपसूक खटका घेतला.

"तसं नाही हो सर," वेदश्री म्हणाली. "साधं वाजवा की!"

पुन्हा. या वेळी मध्ये कणसूर घुसला.

पुन्हा. तान. शाळकरी पोरानं एका बोटानं वाजवावं असं ते, आणि मास्तरांना येईना. त्यांनी बोटांकडे रागानं पाहिलं. हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अहो."

काखेत पर्स धरून अंबूताई उभ्या होत्या.

"तुम्ही नुसता सा धरा."

(पत्रिकेत नसलेलं)

पंखा फिरतो. फिरतो. फिरतो. लाइट गेली.

हजेरीचाच आवाज, आता थोडा फाटलेला. 'लाइट गेली'नंतर चार मात्रा काहीच नाही. तीनशे माणसं त्या चार मात्रा गप्प बसली. मुलतानीला एवढी शांतता मिळाली नव्हती.

मग अख्खा हॉल: पंखा फिरतो.

मास्तरांनी सा धरला होता. गायिका श्वास कुठे घेते ते पाहायला मान सवयीनं वळली.

अंबूताई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या.