ब्रोशां घराण्याचा उलटा पाव

निवृत्त झाल्यावर तेओदूल ब्रोशांनी पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या नावात एक 'द' घुसवला. सरदार-जहागीरदारांच्या आडनावाआधी असतो तसला. माँब्रेज गावात 'द'वाली दोनच घराणी उरली होती, त्यातल्या एकाचं छप्पर गळत होतं. म्हणजे तिसऱ्याला जागा आहे, असा तेओदूलनी हिशेब केला. अडतीस वर्षं शाळा तपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःचं कूळ काढायचं, एवढाच काय तो फरक.

त्यासाठी ते जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाऊन बसत. दर मंगळवारी आणि गुरुवारी, चांगली आठ वर्षं. पणजोबा, खापरपणजोबा करत करत गाडी मातुराँ ब्रोशांपाशी पोचली आणि तिथे घबाड लागलं. फ्रान्सच्या राज्यक्रांतीनं सुरू केलेल्या नव्या कालगणनेतल्या दुसऱ्या वर्षातला एक कागद. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, की त्या सकाळी चौकातल्या गिलोटिनच्या फळ्यांवर पाचजण चढले, आणि त्या पाचांत मातुराँ ब्रोशां. झालं! गिलोटिनवर चढला म्हणजे सरदारच असणार. पुढचा कागद बघायची गरजच काय?

"अहो, पण मेल्याची नोंद कुठंय?" बायको ओदेतनं विचारलं होतं.

"ज्याला डोकंच नाही त्याची नोंद कोण करतंय?" म्हणून तेओदूलनी तिला गप्प केलं.

तेव्हापासून घरात चहाच्या पेल्यापेक्षा मातुराँचं नाव जास्त वेळा निघायचं. त्यांनी घराण्याच्या इतिहासाची पुस्तिकाही छापली. ब्रोशांच्या घरात पाव टेबलावर पालथा ठेवायची पिढीजात पद्धत होती. बाकी सगळं गाव उलटा पाव दिसला की अपशकुन म्हणून पटकन सरळ करायचं, पण तेओदूलच्या आजीनं सरळ करणाऱ्याच्या हातावर फटका मारलेला. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तेओदूलनी पुस्तिकेत ठोकून दिलं, की ही खास सरदारांची रीत.

आणि नेमकं अशा वेळी त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, बास्तियाँला, खाटीक बुस्केची सोलेन आवडावी!

"ज्या घरानं शीर दिलं, त्या घरात मटण तोडणाऱ्याची पोरगी?" तेओदूल कडाडले. "आपल्या रक्तात सुरी नाही, समजलास?"

"रविवारी सगळे ब्रोशां जेवायला जमतायत ना? तिथेच हो म्हणा, बाबा. नाही म्हणालात तर आम्ही दोघं सोमवारी बोर्दोला जातो. मग तुमच्या त्या झाडाची ही फांदी तुम्हीच कापलीत असं समजा."

पोरगा बोलल्याप्रमाणे करणारा होता, हे तेओदूलना माहीत होतं. पण शहाऐंशी ब्रोशांसमोर, भिंतीवर टांगलेल्या वंशवृक्षाखाली उभं राहून एकदा ठणकावलं की पोरगा वरमेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

गुरुवारी ते शेवटची एक तारीख पडताळायला दफ्तरखान्यात गेले. तिथल्या कारकून वेर्दिए बाईंनी जन्माच्या नोंदींचं जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवलं.

"साहेब, तुमच्या मातुराँना मारलं कधी म्हणालात?"

"दुसऱ्या वर्षी."

"मग पाचव्या वर्षी त्यांना मुलगी झालीय. सातव्या वर्षी जुळे. दोन्ही वेळा स्वतः येऊन सही केलीय." बाईंनी चष्मा पुसला. "डोकं गेल्यावर माणूस भलताच कामाला लागला की हो!"

"दुसरा कोणी असेल."

"बायको तीच, गल्ली तीच. आणि धंदा वाचा ना."

तेओदूलनी वाचलं. 'फौजदारी शिक्षांची अंमलबजावणी करणारा.' त्यांचा चेहरा उजळला. "बघा, न्यायखात्यातला बडा अंमलदार!"

"जल्लाद, साहेब," वेर्दिए बाई हळूच म्हणाल्या. "त्या सकाळी पाचजण वर चढले. चार खाली आलेच नाहीत. तुमचे ते पाचवे. पण नशीबवान आहात हं, इथे येणारे लोक असा पूर्वज मिळावा म्हणून तरसतात."

तेओदूलना काही तरसायचं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं, घरी आले आणि तोंडाला कुलूप लावलं. हे फक्त त्या बाईला माहीत, आणि ती काही माँब्रेजमध्ये राहत नाही.

रविवारी सभागृहात अत्तरं आणि भाजलेल्या कोकराचा वास एकत्र कोंदला होता. भिंतीवर वंशवृक्ष, मातुराँच्या नावावर सोनेरी मुकुट. हुकमाप्रमाणे प्रत्येक टेबलावर पाव पालथा. गावात खाटीक एकच, त्यामुळे कोकरं घेऊन बुस्केच आला होता, मदतीला सोलेन. ताट ठेवता ठेवता त्यानं सवयीनं पाव उचलून सरळ केला.

"हात लावू नका!" तेओदूल गरजले. "आमच्या घराण्याची रीत आहे ती!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बुस्के खदखदून हसला. "ही कसली रीत, साहेब? माझी आजी सांगायची, जुना पाववाला एकच पाव असा उलटा बाजूला काढून ठेवायचा. जल्लादाचा! दुसऱ्या कोणी चुकून उचलू नये म्हणून."

सगळं सभागृह हसलं. तेओदूल हसले असते तर तिथेच मिटलं असतं. पण त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला, नजर मुकुटाकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "वेर्दिए बाईंनी तुम्हाला सांगितलं?"

"काय सांगितलं?" बुस्केनं विचारलं.

हसू जागच्या जागी थांबलं. ओदेतनं नवऱ्याकडे पाहिलं, मग मुकुटाकडे, मग पावाकडे. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणून मेल्याची नोंद नव्हती होय!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. आठ वर्षांचं हसू होतं ते, तुंबलेलं.

बास्तियाँ सोलेनचा हात धरून पुढे आला. "बोला, बाबा. आपल्या रक्तात काय नाही म्हणालात?"

तेओदूलना पोरगा दिसला, सोमवार दिसला, रिकामं घर दिसलं. "बुस्के साहेब," ते म्हणाले. बुस्केला त्यांनी जन्मात पहिल्यांदा साहेब म्हटलं. "पोरांच्या लग्नाला माझी हरकत नाही."

बुस्केनं सुरी पुसली आणि अलगद टेबलावर ठेवली.

"तुमची नाही, हे कळलं," तो शांतपणे म्हणाला. "पण आमच्याकडे चार पिढ्या फक्त जनावरंच कापली जातात, साहेब. मला घरी विचारावं लागेल."

"बाबा!" सोलेन ओरडली.

"थांब गं. घराणं बघायला नको?"

तेओदूलनी समोरचा पाव हळूच सरळ केला, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले.