वरच्या काकूंचं नाक

"काकू, रागावू नका. पण एकदा तुम्हीच खाऊन बघा."

हॉटेलच्या आचाऱ्याने ओट्यावर फडकं उलगडलं आणि त्यातला चीजचा अर्धा गोळा काकूंपुढे सरकवला. दांडगा माणूस, चढ चढून आल्याने धापा टाकत होता. पण कपाळावरचा घाम संकोचाचा होता. वरच्या काकूंकडून नेलेला माल आजवर त्याने कधी परत आणला नव्हता.

काकूंनी सुरीने पातळ काप काढला, जिभेवर ठेवला आणि सावकाश चघळला. मीठ कळलं. आंबटपणा कळला. त्यापलीकडे काही नाही. ओला पुठ्ठा चावावा तसं.

"ठीक तर आहे," त्या म्हणाल्या. "थोडं कोवळं वाटतंय, एवढंच."

आचारी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "काकू, कुजकट वास मारतोय हो. काल एक गिऱ्हाईक ताट तसंच टाकून उठलं."

स्वयंपाकघराच्या दारात सून बादली घेऊन उभी होती. तेवढ्या लांबूनही तिने नाकाला रुमाल लावला होता. काकूंची नजर गेली तशी ती बाजूला झाली.

"हंगाम तोंडावर आलाय," आचारी उठता उठता म्हणाला. "तुमच्या चीजसाठी म्हणून एवढ्या वर येणारी माणसं आहेत. चांगले गोळे निवडून पाठवा, माझं काही म्हणणं नाही. पण पुन्हा असं झालं तर मालक शहरातल्या कारखान्याचं मागवतील. मग माझं काही चालायचं नाही."

"पाठवते," काकू म्हणाल्या. "होतं असं एखाद्या गोळ्याचं."

तो गेल्यावर त्यांनी तो तुकडा पुन्हा उचलला, नाकाशी धरला, जोरात श्वास ओढला. थंड हवा आत गेली, तेवढंच.

डोंगरावरच्या वस्तीत सगळ्यांत उंचावर घर, म्हणून त्या वरच्या काकू. शेजारपाजारची सगळी घरं उन्हाळाभर आपल्या गाईंचं दूध त्यांच्याकडे आणून देत. त्या दुधाचं चीज करून तळघरात मुरवायचं आणि ते विकून सगळ्यांची वर्षाची बेगमी करायची, हे काम काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून करत होत्या. सगळं चालायचं त्यांच्या नाकावर. दुधाची कॅन उघडली की गाय कुठल्या उतारावर चरली ते त्या सांगत. कुणी नवं पिंप घेतलं, कुणाच्या भिंतीत ओल धरली, की आधी काकूंना बोलावणं यायचं. त्यांच्या यजमानांना हल्ली कमी ऐकू येई, पण जीभ चांगली चालायची. ते म्हणत, "हिच्या नाकावर माशीसुद्धा परवानगी काढून बसते."

गेल्या हिवाळ्यात ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, पण वास काही परत आला नाही. काकूंना वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग बर्फ वितळलं, गाई रानात गेल्या, दुधाच्या कॅन यायला लागल्या आणि त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? मुलगा खाली शहरात बस चालवायचा, सुट्टीला घरी यायचा. "आता पुरे झालं, आई," हे त्याचं पालुपद आधीच सुरू होतं. त्याच्या हातात हे कोलीत कोण देणार? डोळे शाबूत होते, बोटं शाबूत होती. दूध थिजलं की नाही ते बोट सांगत होतं. गोळ्यावर टिचकी मारली की आवाज सांगत होता. शंका आली तर त्या यजमानांना चाखायला देत, आणि ते म्हणत, "झकास." लग्नापासून त्यांनी दुसरा शब्द वापरलाच नव्हता.

जेवण आवरल्यावर काकू कंदील घेऊन तळघरात उतरल्या. भिंतीला लागून फळ्यांवर उन्हाळाभराचे गोळे ओळीने बसले होते. सगळ्या वस्तीचं दूध. यांतले काही सडलेले आहेत, एवढं आता नक्की होतं. कुठले, ते कळायला मार्ग नव्हता. सगळे टाकून द्यावेत तर शेजाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? आणि तसेच पाठवावेत तर हॉटेलचं दार कायमचं बंद. एक गोळा उचलून त्यांनी गालाला लावला, उलटा केला, हुंगला. दुसरा. तिसरा. भिंत हुंगल्यासारखं. गोळा कुशीत घेऊन त्या पायरीवर बसल्या आणि कुणी बघत नाही म्हणून थोडं रडल्या.

वरून पावलं वाजली. सून खाली येत होती.

दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून तिने तळघरात पाऊल ठेवलं नव्हतं. चीजचा वासच तिला सोसत नसे. दारावरून जातानाही ती नाक झाकायची. काकूंना ते लागायचं. "आमच्या हातचं खाऊन मोठी झालेली माणसं आहेत या डोंगरात, आणि ही नाक मुरडते," असं त्या एकदा तिच्या देखत बोलल्या होत्या. तेव्हापासून दोघींमध्ये भांडण नव्हतं, पण बोलणंही कामापुरतंच होतं.

सून खालच्या पायरीवर थांबली. रुमाल तिच्या मुठीत होता, नाकाला नव्हता.

"आई, तुम्हाला वास येत नाही ना?"

काकूंनी डोळे पुसले. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मागे दूध करपलं, तेव्हा तुम्ही शेगडीजवळच बसून कोबी चिरत होतात. घरभर धूर झाला तरी तुमचं आपलं चिरणं चालूच." ती जरा थांबली. "आणि एकदा गॅस नुसताच चालू राहिला होता. मी बंद केला."

"बोलली नाहीस ती?"

"तुम्ही सांगत नव्हतात, मग मी कसं विचारणार? तुम्ही म्हणाला असतात, ही आली आता नाक खुपसायला."

काकू तसंच म्हणाल्या असत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आणखी एक आहे," सून म्हणाली. "उन्हाळ्यात माझ्या हातून दुधाची मोठी कॅन सांडली होती. तुम्ही मला वेंधळी म्हणालात."

"म्हणाले. अख्खी कॅन अंगणात ओतलीस."

"सांडली नव्हती. सांडवली होती. नासलेलं होतं ते. तुम्ही ते कढईत ओतायला निघाला होतात."

कंदिलाची वात फडफडली. काकूंना सगळं आठवलं. त्या कॅनवरून आपण हिला चार दिवस धारेवर धरलं होतं, यजमानांपुढे, शेजारणीपुढे. पोरीने हूं की चूं केलं नव्हतं.

"अगं मग तेव्हा बोलायचंस," त्या म्हणाल्या.

"शेजारीण उभी होती ना तिथे."

काकूंनी कुशीतला गोळा पुढे केला. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. "हा बघ बरं. कसा आहे?"

सुनेने श्वास घेतला आणि तिला उमासा आला. ती भिंतीला धरून उभी राहिली. काकू म्हणाल्या, "राहू दे, बाई. उद्या बघू." पण तिने मान हलवली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि पुन्हा नाक जवळ नेलं.

"पायमोजे," ती म्हणाली.

"ओले की वाळलेले?"

"म्हणजे?"

"वाळलेल्या मोज्यांचा असेल तर उत्तम. ओले असले तरी चालतील. ओले होऊन कोपऱ्यात विसरलेले असतील तर नाही."

सून हसली. तळघरात तिचं हसणं काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. "वाळलेले. पण पुरुषाचे."

"मग ठेव त्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी कामाला लागल्या. काकू गोळा उतरवत, टिचकी मारत, पुसून पुढे करत. सून हुंगत असे आणि सांगत असे. तिच्याकडे चीजचे शब्द नव्हते, म्हणून ती आपल्या आयुष्यातले शब्द वापरायची. हा गोठ्यासारखा. हा पावसात भिजलेल्या पाटीसारखा. हा शाळेच्या डब्यासारखा, सुट्टीत घरी न्यायचा राहिलेला. काकू प्रत्येक वेळी खोदून विचारत, मग गोळा इकडे किंवा तिकडे जाई. एक गोळा सुनेने दोनदा हुंगून पाहिला.

"आजारी माणसाची खोली," ती शेवटी म्हणाली. "खिडक्या बंद असलेली."

"तोच," काकू म्हणाल्या. "तोच तो. टाक."

तसले गोळे निघाले ते सगळे एकाच बाजूचे. काकूंनी कंदील वर धरला. त्या भिंतीच्या फळ्या यजमानांनी यंदाच नव्या बसवल्या होत्या. काकूंनी फळीवर नख दाबलं, तर नख आत गेलं. लाकूड नीट वाळलं नव्हतं. आत पाणी होतं, ते गोळ्यांनी खालून शोषलं होतं. पूर्वी दारातून आत येताच त्यांना ते कळलं असतं.

यजमानांना बोलावून सांगितलं. दोनदा, मोठ्याने. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे?"

"तुमच्या लाकडामुळे आणि माझ्या नाकामुळे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी हिवाळ्यापासूनचं सगळं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

म्हातारबांनी फळी चाचपून पाहिली. "मला ऐकू येत नाही, तुला वास येत नाही," ते म्हणाले. "दोघांचं मिळून एक माणूस तरी धड होईल का बघ." आणि फळ्या उपटायला लागले.

दुपारी चांगले गोळे हुंगता हुंगता सुनेने एक जुना, तपकिरी सालीचा गोळा हातात घेतला आणि तो खाली ठेवेचना.

"काय गं? बिघडलाय?"

"नाही." ती सालीवरून अंगठा फिरवत होती. "बाबांच्या दुकानासारखा आहे. आमचं चपला शिवायचं दुकान होतं. कातडं, मेण, तो धागा... संध्याकाळी दार लावून घेतलं की असाच वास यायचा." तिचे वडील तिच्या लग्नाआधीच गेले होते, एवढंच काकूंना माहीत होतं. दुकानाबद्दल त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"काप," काकू म्हणाल्या.

"हा? हा तर सगळ्यांत चांगला आहे."

"म्हणूनच काप."

सुनेने काप काढून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. काकूंनीही एक काप घेतला. त्यांना फक्त मीठ कळलं. पण सून चघळत होती तोवर त्याही चघळत राहिल्या. मग दोघींनी त्या गोळ्याचा मोठा तुकडा पाटीखाली झाकून घरासाठी ठेवला आणि वाईट गोळे गोठ्यामागच्या खड्ड्यात नेऊन पुरले. उचलायला काकूंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग संध्याकाळी त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक दारात जाऊन काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कुणी हळहळलं, कुणी नाराज झालं. कॅनच्या वेळी अंगणात उभी असलेली शेजारीण म्हणाली, "आता पुढच्या उन्हाळ्यात दूध कुणाच्या भरवशावर द्यायचं?"

"हिच्या," काकू म्हणाल्या. सून त्यांच्या मागेच उभी होती.

दोन दिवसांनी सासू-सुना पाठीवर टोपल्या घेऊन हॉटेलात उतरल्या. आचाऱ्याने एकेक गोळा कापला, चाखला आणि त्याचा चेहरा सैल होत गेला. "हं. हे तुमचं, काकू. आता बोलायला नको."

"बोलायला हवं," काकू म्हणाल्या. "माझं नाक गेलंय. हिवाळ्यातच गेलं. त्या दिवशी तुम्ही मला चाखायला लावलंत, तेव्हा मला काही म्हणता काही कळलं नाही. हे गोळे हिने निवडलेत."

आचारी सुनेकडे बघू लागला. मालकांना हे कसं सांगायचं, याची काळजी त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"भाऊ," सून हळूच म्हणाली, "मागे चुलीवर काहीतरी करपतंय तुमचं."

"छे, सूप आत्ता तर ठेवलंय," असं म्हणत तो आत गेला. झाकण आपटल्याचा आवाज झाला, मदतनिसावर ओरडल्याचा झाला. परत आला तेव्हा हातात पळी होती आणि तो हसत होता.

"मालकांचं मी बघतो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात एवढंच आणा. दोघी या."

परतीच्या चढावर गवताची शेवटची कापणी चालू होती. कापलेलं गवत उतारावर पसरून ठेवलं होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं. अर्ध्या वाटेवर काकूंना दम लागला, म्हणून त्या थांबल्या. वाकून त्यांनी मूठभर गवत उचललं आणि सवयीने नाकाशी नेलं. क्षणभर हात तसाच राहिला. मग तो त्यांनी सुनेपुढे केला.

सुनेने गवत हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"सांग ना," काकू म्हणाल्या.

"थांबा जरा, आई. नीट सांगायला हवं."

काकूंनी टोपली पाठीवरून उतरवून बांधावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.