रिकामी आणायला सांगितलेली बस

सकाळी माणसं तुम्हीच नेऊन सोडलीत आणि दुपारी तुम्हीच त्यांना बर्फात टाकून दिलंत. हे आधी कबूल करा, मग रुहीची चौकशी करा.

पहाटे सगळ्यांच्या फोनवर तुमच्या बस-ऑफिसचा निरोप आला होता, बस नेहमीप्रमाणे चालतील. बस चालू म्हटल्यावर कुठला मालक सुट्टी देतो? गेली बिचारी माणसं. कुणी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, कुणी हॉटेलात चादरी बदलायला. मग बर्फ वाढला. तो रात्रीपासूनच पडत होता, पण तुमच्या खिडकीतून पार्किंग दिसेनासं झालं तेव्हा तुम्हाला तो दिसला. लगेच हुकूम: सगळ्या बस बंद, ड्रायव्हरांनी गाड्या रिकाम्या डेपोत आणायच्या, वाटेत कुणालाही घ्यायचं नाही.

रुहीची आई शोभना त्या वेळी नोव्हाय गावातच, राधिकाच्या घरी हळदीकुंकवाला बसली होती. शनिवार होता. बर्फामुळे निम्म्या बायका आल्या नव्हत्या, पण राधिकाने ठाम सांगितलं होतं, "तिळगूळ केलाय, वाण आणलंय, आता काय कॅन्सल करायचं, यार!" शोभना शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. पैठणीखाली गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ती चालत आली होती. आणि वाण काय, तर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा स्क्रेपर. लाल रंगाचा, लांब दांड्याचा.

"काकू, रुही कशी आहे? काय करते हल्ली?" कुणीतरी विचारलं.

"ट्रान्सपोर्टेशनमध्ये आहे."

"सॉफ्टवेअर साइड?"

"ऑपरेशन्स," शोभना म्हणाली आणि तिळाच्या वडीचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे पुढचा प्रश्न टळावा.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पोरगी विम्याच्या कंपनीतली खुर्ची सोडून बसच्या स्टिअरिंगवर बसली तेव्हापासून शोभना हेच उत्तर देत आली होती. डॉक्टर, इंजिनियर, वकील यांच्या आयांमध्ये बसून दुसरं काय बोलणार? रुहीला ते माहीत होतं. तिने कधी विषय काढला नाही, तेच शोभनाला जास्त लागायचं.

खिडकीखाली बसचा स्टॉप होता. तिथे माणसं उभी होती, खांद्यांवर बर्फ साचलेली.

"असल्या वेदरमध्ये बस चालवतातच कशाला?" राधिका म्हणाली. "बंद करायला पाहिजेत."

"केल्यात बंद. ॲपवर आलंय."

"मग हे लोक का उभेत?"

दोघीतिघी खिडकीशी गेल्या. मग राधिकाच एकदम पुढे वाकली. "अगं, तो आपला यतीन आहे ना?"

यतीनच होता. नागपूरचा, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा. त्याच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली होती आणि व्हिसाबरोबर लायसन्सही संपलं होतं. अख्ख्या शहराच्या ब्रेकची काळजी करणारा माणूस गेले काही महिने बसने जात होता, आणि तोही कुणाला सांगत नव्हता.

तेवढ्यात बस आली. कपाळावर पाटी, "नॉट इन सर्व्हिस". स्टॉपच्या जरा पुढे जाऊन ती थांबली. ड्रायव्हर खाली उतरली आणि बर्फाने जाम झालेल्या वायपरवर मुठीने ठोकू लागली. डोक्यावर केशरी लोकरी टोपी. ती टोपी शोभनाने विणली होती.

शोभनाने बशी खाली ठेवली, लाल स्क्रेपर उचलला आणि कुणाला काही न सांगता जिना उतरली.

"आई? व्हॉट आर यू डुइंग हिअर? आणि साडीत?"

"हळदीकुंकू होतं. सरक, ही बाजू मी खरवडते."

"तू वर जा. मला गाडी एम्प्टी न्यायचीय. ऑर्डर आहे."

"मग दार उघडं कशाला ठेवलंयस?"

रुहीने वायपरवर पुन्हा मूठ ठोकली. तिचे डोळे लाल झाले होते, ओठ फुटले होते. पहाटेपासून ती न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी रेटत होती.

"दमले गं मी," ती म्हणाली. "बस आज निघायलाच नको होती, मी सांगितलं होतं त्यांना. पण आई, या बाईंना सकाळी मीच आणलंय. त्या तिघांनाही मीच. आता यांच्या समोरून रिकामी गाडी घेऊन जाऊ?"

ज्या बाईंकडे तिने बोट केलं त्या वृद्धाश्रमातल्या मदतनीस होत्या. पातळ निळा गणवेश, वर कुणाचा तरी मोठा कोट. कुणी पुढे घुसलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. त्या बाईंनी फक्त विचारलं, "बस आहे का?"

रुहीने वायपरवरचा उरलेला बर्फ झटकला. मग म्हणाली, "बसा."

तोवर राधिका तबक घेऊन खाली आली होती, मागे चार बायका. "शोभनाकाकू, ही रुही? रुही बस चालवते?"

"हो," शोभना म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "माझी मुलगी आहे. बस चालवते."

मग काय विचारता! राधिकाने स्टिअरिंगवर बसलेल्या रुहीच्या कपाळावर, टोपी वर सारून, हळदकुंकू लावलं. सगळ्या उतारूंना तिळगूळ वाटला. यतीनने मान खाली घालून घेतला. "काकू, तुम्ही पण आत या, फोटो काढते!" राधिका म्हणाली. आणि शोभना, इतकी वर्षं ऑपरेशन्स ऑपरेशन्स करणारी शोभना, म्हणाली, "काढ. आणि टाक ग्रुपवर."

राधिका फक्त ग्रुपवर टाकून थांबणाऱ्यातली नव्हती. आपल्या लोकांना आभार मानायचे तर ते साहेबाला दिसतील असेच मानायचे असतात. तिने फोटो गावाच्या पेजवर टाकला आणि खाली बस-ऑफिसला टॅग करून लिहिलं, एवढ्या बर्फातही बस चालू ठेवल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद.

रुहीने एकेकाला घराजवळ सोडलं, गाडी डेपोत लावली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी तुमच्या ऑफिसाने त्या फोटोखाली लाल बदाम टाकला, "आम्हाला आमच्या ड्रायव्हरांचा अभिमान आहे." सोमवारी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या वेळी बस बंद होत्या. बदाम गेला. रुही निलंबित झाली. हुकूम मोडला, उतारूंचा जीव धोक्यात घातला.

"मला काय हौस आली होती ग्रुपवर टाक म्हणायची!" शोभना स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली.

"इट्स ओके, आई," रुही टेबलावर डोकं टेकून म्हणाली. "इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस, आणि सांगितलंस ते डायरेक्ट त्यांनाच."

दोघी हसल्या. फार वेळ नाही. रुहीत दुसरी नोकरी शोधायची ताकद नव्हती आणि शोधायची इच्छाही नव्हती.

निलंबनाची सुनावणी खुली होती, कुणालाही दोन मिनिटं बोलता येत होतं. राधिकाने गाडी चालवत शोभनाला नेलं. वाटभर तिने सॉरी म्हटलं, शेवटी शोभनाच म्हणाली, पुरे गं. शोभना माइकसमोर उभी राहिली.

"मॅडम," मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी विचारलं, "त्या बर्फात माणसं नेणं धोक्याचं होतं की नव्हतं?"

"होतं," शोभना म्हणाली.

"मग आपलं एकमत आहे."

"नाही. धोका सकाळीही होता, तेव्हा तुम्ही नेलंत. बस बंद ठेवा, माझी तक्रार नाही, माझीच मुलगी त्यात असते. पण नेलेल्या माणसांना परत आणून मग बंद करा. माझ्या मुलीने गाडी रिकामी आणली असती, तर स्टॉपवरच्या त्या बाई घरी कशा जाणार होत्या?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "धन्यवाद. तुमची वेळ संपली. पुढचं नाव?"

पुढचं नाव पुकारलं गेलं. पाय दुखत होते, तरी शोभना माइकपासून हलली नाही.

"मी धन्यवाद मागायला आले नाही," ती म्हणाली. "कशा जाणार होत्या? उत्तर द्या."