एका हाताची बाबागाडी

मी बाबागाडी. झालरीची, पाळण्यासारखी डोलणारी नव्हे. साधी, घडीची, दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहून अवघडून गेलेली.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं नळ्या वाकवल्या, कापड ताणलं आणि बिजागरीची इतकी उघडमिट केली की मला वाटलं, आयुष्य यातच संपणार. मग दुकान. माझ्या शेजारी एक थोराड गाडी होती. जाड चाकं, गुबगुबीत बैठक, पेला ठेवायला वेगळी खोबण. गिऱ्हाईक आधी तिच्याकडे जायचं आणि मला बघून म्हणायचं, "ही काय, छत्री आहे का?"

एका दुपारी अख्खं घर आलं. थोरली सून, तिच्या कडेवर बाळ, सासूबाई, धाकटा दीर आणि त्याची नवी नवरी. थोरलीचा नवरा नोकरीसाठी परदेशी होता आणि ती बाळाला घेऊन त्याच्याकडे निघाली होती.

"हे दिवसभर कामावर," ती धाकटीला हळूच म्हणाली. "परकं शहर, बोलायला कोणी नाही. बाळाला घेऊन बाहेर पडताच आलं नाही, तर चार भिंतींत वेड लागेल गं मला."

थोराड गाडीची परीक्षा सुरू झाली. सासूबाईंनी बाळाला बसवून पट्टे लावले, धाकटीने पिशव्या धरल्या, थोरलीने गाडी ढकलली. घडी घालताना सासूबाईंनी बाळ घेतलं, थोरलीने खटका दाबला, दिराने दांडा ओढला.

"लोण्यासारखी चालते!" सासूबाई म्हणाल्या.

"घडीही किती सोपी," म्हणत दीर गल्ल्याकडे निघालासुद्धा.

धाकटी अजून या घरात विचारल्याशिवाय बोलत नसे. आज मात्र तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि गाडी पुन्हा उघडली.

"ताई, बाळाला तुम्ही घ्या. आणि आई, आपण सगळे जरा लांब होऊ या."

"ते का?"

"तिकडे आपण नसणार ना."

सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. थोरलीने एका हातात बाळ धरून दुसऱ्याने खटका दाबला. थोराड गाडी ढिम्म हलेना. दीर धावला, तर बायकोने त्याचा सदरा मागून धरला. "अहो, तुम्ही उभे राहा." थोरलीने गुडघा लावला, पाय लावला. बाळाने भोकाड पसरलं. तिचेही डोळे भरून आले.

मग धाकटीने मला कोपऱ्यातून ओढून काढलं. थोरलीने खटका दाबला आणि मी मुकाट मिटले. मला काखोटीला मारून, बाळासकट ती दुकानाच्या पायऱ्या उतरली, चढून परत आली.

"अगदीच पाप्याचं पितर आहे," सासूबाई मला न्याहाळत म्हणाल्या. "पण हीच घ्या."

परदेशी गेल्यावर पहिले काही दिवस मी दारामागेच उभी होते. थोरली माझ्याकडे बघायची आणि पुटपुटायची, "उद्या." अखेर एका सकाळी निघालो. भुयारी स्टेशनाची लिफ्ट बंद! समोर उभा जिना, मागे घाईतली माणसं. ती क्षणभर थबकली. मग बाळ कडेवर, खटका, आणि मी काखेत. जिना उतरलो, मेट्रोत शिरलो, थेट नदीकाठच्या बागेत. बाकावर टेकल्यावर ती एवढ्या मोठ्याने हसली, की बाळ दचकलं.

तिथूनच तिने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"बरोबर कोण आहे गं?" सासूबाईंचा पहिला प्रश्न.

"कोणी नाही, आई. आम्ही दोघंच आलो."

पडद्यावर त्यांच्या मागे उभ्या धाकटीने हुश्श केलं. तिच्या तोंडावर दिसलं मला.

दोघंच म्हणे! मला धरलंच नाही. पण खरं सांगू? जिवाला फार बरं वाटलं. जिच्या घडीची धास्ती उरली नाही, तिची आठवण कशाला राहील?

आता आम्ही रोज हिंडतो. माझं छत विटलंय, बैठकीत बिस्किटांचा चुरा कायमचा राहायला आलाय. तक्रार नाही. फक्त पुढच्या चाकात केस नि दोरे गुंडाळलेत, तेवढे कोणीतरी काढा. जरा लवकर, ती चपला घालतेय.