अकरा नंबरजवळचं स्टूल

"पिळू नकोस बोट! नुसतं नळाखाली धर," मोठ्या सिस्टर ओरडल्या.

नव्या सिस्टरनं बोट धारेखाली धरलं. वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही, हे सकाळच्या वर्गात तिच्याकडून तीनदा घोकून घेतलं होतं. आणि दुपारी तिनं नेमकं तेच केलं, आणि सुई बोटात घुसली होती.

एड्सच्या या वॉर्डात मोठ्या सिस्टर एकोणीस वर्षं नव्या पोरींना तयार करत होत्या. हात धरल्यानं हा आजार होत नाही, तेव्हा पेशंटचा हात उघड्या हातानं धरायचा, हा त्यांचा पहिला धडा. प्रत्येक नवी मुलगी पहिल्या दिवशी अकरा नंबरच्या खाटेजवळ स्टूलवर पंधरा मिनिटं हात धरून बसे. मगच पुढचं काम.

बोट साबणानं धुऊन झाल्यावर त्यांनी तिला पहिली गोळी दिली.

"अठ्ठावीस दिवस घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. वेळेत सुरू केल्यात, बहुतेक काही होत नाही. घाबरू नकोस, मी आहे ना." असं म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला.

पोरगी त्या हाताकडे बघत राहिली.

"सिस्टर, तुम्ही हातमोजे घातलेत."

घातले होते खरे. खोक्यातून नवी जोडी कधी काढली, कधी चढवली, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"मी उद्यापासून येत नाही," पोरगी म्हणाली. "आणि घरी तरी कशी जाऊ? आईसुद्धा असाच धरेल हात."

तेवढ्यात अकरा नंबरच्या काकांनी हाक मारली.

"अहो, तिला आत बोलवा की!"

काकांची दृष्टी आजारानं गेली होती. माणसं ते हातावरून ओळखत.

"कुणाला, काका?"

"रोज दुपारी स्टूलवर येऊन बसते ती. हात बर्फासारखा, करंगळी वाकडी. आज दारातच अडकलीय, तुमच्या मागं. पावलं ऐकली मी."

दारात कुणी नव्हतं. पोरगी मात्र मोठ्या सिस्टरना चिकटून उभी राहिली.

"काय म्हणते ती?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"माझ्याशी कुठली बोलायला! जाताना एवढंच विचारते, 'तिनं मोजे काढले का?'"

वाकडी करंगळी या वॉर्डात एकीचीच होती. ती आणि मोठ्या सिस्टर एकाच दिवशी कामाला लागलेल्या, एका डब्यात जेवणाऱ्या. सुई टोचली तेव्हा सगळ्या हसतील म्हणून मैत्रिणीनं ते लपवलं, आणि पुढं याच अकरा नंबरवर ती गेली. शेवटच्या दुपारी तिनं हात पुढं केला होता. मोठ्या सिस्टरनी तो धरला, पण मोजे घालून. मैत्रीण नुसती त्या मोज्यांकडे बघत राहिली. त्यानंतर शेकडो पोरींना उघड्या हाताचा धडा दिला, पण यांचा स्वतःचा उघडा हात कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्याला शिकवायला काय जातं!

त्यांनी मोजे ओढून काढले. आतले हात पांढरे आणि सुरकुतलेले होते. एका हातानं त्यांनी पोरीचा टोचलेल्या बोटाचा हात घट्ट धरला, तिला घेऊन खाटेपाशी गेल्या, स्टूलवर बसल्या आणि दुसऱ्या हातानं काकांचा हात धरला.

"हा हात कुणाचा?" काका चाचपत म्हणाले.

"माझाच, काका."

"तुमचा? तीन आठवडे मला तुमचं नुसतं रबर माहीत होतं!"

पोरीला रडता रडता हसू फुटलं. मग तिनं हळूच विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

"आठला. गोळी खाऊन ये."

काका दाराच्या दिशेला कान लावून पडले होते.

"गेली," ते म्हणाले. "आज काही विचारलं नाही तिनं."

मोठ्या सिस्टरचे डोळे वाहत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.