सर्वांत मोठे पिल्लू

दाजींनी पस्तीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. दिसल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. त्यांना दाजी म्हणणारा माणूस जगात एकच: बायकोचा धाकटा भाऊ, पेशाने घड्याळजी. बायको जाऊन चार वर्षे झाली होती. तिच्या मागे या दोघांना धरून ठेवले होते ते परसातल्या जाळीच्या पक्षीघराने. त्यातले मेल्बा, म्हणजे मुनियांसारखे चिमुकले, रंगीत आफ्रिकी पक्षी, दाजींचे आणि व्हायडा घड्याळजींचे.

व्हायडा चिमणीएवढा पक्षी. विणीच्या दिवसांत नराला त्याच्या अंगाच्या दुपटीहून लांब काळे शेपूट फुटते. मादी घरटे बांधायच्या भानगडीत पडत नाही. मेल्बाच्या घरट्यात अंडे घालते आणि मोकळी होते. पिल्लाच्या टाळूवरचा ठिपका आणि चोचीच्या कडेच्या जांभळट गाठी हुबेहूब मेल्बाच्या पिल्लांसारख्या असतात, त्यामुळे मेल्बा त्याला आपलेच समजून भरवतात. ते पिल्लूही कोणाला ढकलून देत नाही. सगळी एकत्र वाढतात.

"तुमची मंडळी म्हणजे माझ्याकडे ठाण मांडून बसलेले पाहुणे, शालकबुवा," दाजी म्हणत.

"माझी ताई तुमच्या घरी तीस वर्षं राबली. त्या मानानं एका अंड्याचं काय घेऊन बसलात!"

आठ वर्षांत व्हायडाचे एकही पिल्लू जगले नव्हते. या वर्षी मादी म्हातारी झाली होती. तिने मेल्बाच्या घरट्यात अंडे घातले आणि चार दिवसांनी ती जमिनीवर निपचित पडलेली सापडली. दुसरी मिळण्याची आशा नव्हती. परदेशातून पक्षी येणे कधीच बंद झाले होते. घड्याळजींना काचबिंदूने गाठले होते. दुकान बंद झाले. समोर कोणी आले एवढे कळे, कोण ते आवाजावरून. तरी रोज सकाळी ते जाळीपाशी खुर्ची टाकून बसत आणि विचारत, "आमच्या बाईसाहेबांचं अंडं काय म्हणतंय?"

अंडी फुटली. चौथ्या दिवशी दाजींनी घरट्यात डोकावून पाहिले: पाच चोची उघड्या, आणि भरवून भरवून मेल्बांच्या नाकी नऊ आलेले. एक पिल्लू चांगले थोराड होते, दोन मध्यम, दोन अगदी किरकोळ.

"पाच जगायची नाहीत," ते म्हणाले. "शेवटची दोन काढतो. मोठं तुमचं. व्हायडाचं अंडं आधी फुटतं, पिल्लू दांडगं असतं. सगळीकडे तसंच छापलंय."

"असू द्या की पाचही. मी त्यांच्या खाण्याला वाळवी जास्त आणतो."

"वाळवी कितीही आणा, भरवणारे दोनच आहेत."

"तुम्ही पाहताय. माझं काय, मी नुसता ऐकतोय. करा तुम्हाला वाटतं ते."

दाजींनी दोन किरकोळ पिल्ले काढली, उबेत ठेवली, बारीक पिचकारीने तासातासाला भरवली. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेली. पुरण्यापूर्वी त्यांनी भिंगाखाली दोघांची तोंडे पाहिली. ठिपका तोच, गाठी त्याच. फरक दिसला नाही, आणि फरक असेल अशी अपेक्षाही नव्हती.

उरलेली तीन पिल्ले तिसऱ्या आठवड्यात घरट्याबाहेर आली. मेल्बाच्या पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी तांबूस छटा असते. व्हायडाचे पिल्लू नुसते मातकट. दाजींनी पहिल्याच्या शेपटीकडे पाहिले. तांबूस. दुसऱ्याच्या, तांबूस. थोराडही तांबूसच. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, मग दुर्बीण आणली.

म्हाताऱ्या मादीने अंडे उशिरा घातले असणार. तिचे पिल्लू शेवटी निघाले आणि सर्वांत लहान राहिले. छापलेले खोटे नव्हते. ते या मादीबद्दल छापलेले नव्हते, एवढेच.

फाटक वाजले. घड्याळजी भिंतीला हात लावत आले, खुर्चीत बसले.

"बाहेर पडली म्हणे! आपलं कुठलं? डावीकडचं का ते? मला काहीतरी हलताना दिसतंय."

डावीकडे खरेच एक पिल्लू पंख फडफडवत होते. एक शब्द पुरला असता.

"तिन्ही मेल्बाची आहेत," ते म्हणाले. "तुमचं मी काढलं. त्या दोघांतलं एक होतं."

"कुठलं?"

"माहीत नाही."

घड्याळजींनी मान हलवली, जशी कोणी पत्ता सांगितल्यावर हलवतो. मग ते म्हणाले, "मला कळलं नसतं, दाजी."

"लांब शेपूट फुटलंच नाही, की कळलं असतं. पुढच्या हंगामात नाही तर त्याच्या पुढच्या."

"हो ना. तोवर दोन वर्षं गेली असती." ते उठले. "तेवढी दोन वर्षं तरी द्यायची होती मला."

दाजींनी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. घड्याळजींनी तो पाहिला नसेल. ते जाळीवरून बोटे फिरवत एकटेच फाटकापर्यंत गेले, कडी त्यांना लवकर सापडली नाही, आणि दाजी जागचे हलले नाहीत.